दगडी मठाच्या दारावरची ओळ

वर्ध्याहून कोल्हापूरला जाणारं माणूस बहुतेक अंबाबाईसाठी जातं. येताना गूळ आणतं, चपला आणतं आणि तिखट खाऊन पोट बिघडल्याची तक्रार आणतं. मीही हे सगळं आणलं. पण मी गेले होते एका मठासाठी. तो मठ मला दिसला, आणि जो बघायला गेले होते तो दिसला नाही. दोन्ही खरं आहे. कसं ते सांगते.

माझी लेक पल्लवी आणि जावई अभिजित पुण्यात नोकरीला. आम्ही वर्ध्याचे बौद्ध. माझे वडील छप्पन साली धम्म घेतलेल्यांतले. अभिजितचं घर मूळचं आजऱ्याकडच्या एका गावातलं, शेतकऱ्याचं. त्याचे वडील शामराव तरुणपणी गाव सोडून शिरोली एमआयडीसीत कामाला लागले आणि पुढे तिथेच त्यांनी स्वतःची छोटी फाउंड्री टाकली. लग्न मुलांनी ठरवलं. दोन्ही घरांत थोडा आवाज झाला, मग शांत झालं. लग्नाच्या दिवशी जेवणाच्या पंगतीत शामराव माझ्या शेजारी येऊन बसले. बोलायला विषय सापडेना. मग म्हणाले, "तुम्ही हिस्ट्रीच्या बाई न्हवं? मग आमच्या गावचा मठ बघायलाच पायजे तुम्ही. शिलाहार राजांच्या वक्ताचा. एक दगड हललेला न्हाय. दारावर तर अशी अक्षरं हायत, काल कोरल्यागत."

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. सुटीत पैसे आणि सोबत जमेल तसे विहार, लेणी, मठ बघत फिरले. काल कोरल्यागत अक्षरं म्हटल्यावर मी त्याच पंगतीत विचारलं, "कधी नेता?"

"तुम्ही म्हणाल तवा."

पण ते 'तवा' कधी आलंच नाही. पहिल्या वर्षी विचारलं तर पाऊस लई हाय, जळवा हायत. पुढच्या वर्षी रस्ता उकरलाय. मग कुणाचं तरी सुतक, मग गावात निवडणूक. मी एकदा कोल्हापूरला जाऊन दोन दिवस राहिले, तेव्हा त्यांनी मला पन्हाळा दाखवला, खिद्रापूर दाखवलं, राधानगरीचं धरण दाखवलं. स्वतःच्या गावाचं नाव काढलं नाही. अशा टाळाटाळीचा अर्थ लावायला आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. गावातल्या मठात सून चालली, कारण ती आपली झाली. सुनेच्या आईला नेणं अवघड जात असेल. मी पल्लवीला एवढंच म्हटलं, "आता मी विचारणार नाही." तिला कळलं.

मग गेल्या हिवाळ्यात शामरावांचाच फोन आला. "विहीणबाई, या. मठ दाखवतो. जरा गरज बी हाय तुमची."

कोल्हापूर

गोंदियाहून येणारी गाडी वर्ध्याला पकडली की थेट कोल्हापूरला उतरायचं, एवढी एक सोय आहे. स्टेशनावर शामराव स्वतः आले होते. माझी बॅग त्यांनी हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. रिक्षावाला मध्ये आला तर त्याच्यावर डाफरले, "पावण्या हायत आमच्या, हो बाजूला!" कोल्हापुरात प्रेम आणि भांडण एकाच आवाजात करतात. हे मला आधीच्या खेपेला कळलं होतं, तरी दर वेळी दचकायला होतं.

घरी विहीणबाई सुमनताईंनी तांबडा आणि पांढरा असे दोन रस्से केले होते. आमच्याकडे सावजीचा रस्सा जीभ जाळतो आणि तिथेच थांबतो. इथला तांबडा आधी गोड लागतो आणि मग हळूच कानांमागे जातो. सुमनताई भाजी फोडणीला टाकत होत्या तेव्हा मी म्हटलं, "मला चटणी कमी लागते, ताई." मला ताटातली डावीकडची चटणी म्हणायची होती. इथे चटणी म्हणजे कांदा-लसणाचा मसाला, जो सगळ्यात पडतो. रात्री माझ्यासाठी वेगळी, आजाऱ्याला देतात तशी पांढरीफटक भाजी आली. तिघेही खूप हसलो. सुमनताईंनी लगेच वाटी बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शामराव मला फाउंड्री दाखवायला घेऊन गेले. शिरोलीला पोचायच्या आधीच जळक्या वाळूचा वास येतो. काळ्या वाळूचे साचे ओळीने मांडलेले होते. त्यांत लाल रस ओतत होते. दुसऱ्या टोकाला थंड झालेल्या वस्तू साच्यातून फोडून काढत होते. त्यांना कास्टिंग म्हणतात. बाहेर पडतं तेव्हा ते ओबडधोबड, वाळू चिकटलेलं असतं. मग ते एका खोलीत नेऊन त्यावर जोरात बारीक खडे मारतात, की वाळू झडून राखाडी चांदीसारखं लोखंड निघतं. बघायला फार छान वाटतं.

मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी होतं. मी विचारलं, "हे काय?"

"जुनं सँड ब्लास्टिंगचं मशीन, हवेच्या जोरानं वाळू मारायचं. फिरतं हुतं. टेंपोत घालून कुठं बी न्यायचं." ताडपत्री सारखी करत म्हणाले, "वापरत न्हाय आता."

मला वाटलं बिघडलं असेल.

आजऱ्याकडे

कोल्हापुरातून निघाल्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता. दोन दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्यावर आकाशापर्यंत ऊस, आणि ट्रॅक्टरवर लावलेली गाणी. मध्ये थोडा वेळ दुकानांच्या पाट्या कानडी झाल्या, मग पुन्हा मराठी. उत्तूर मागे पडलं आणि हवा बदलली. ऊस कमी झाला, भात कापून झालेली खाचरं आली, मग काजूच्या बागा.

आजऱ्यात शामरावांच्या एका मावसबहिणीचा काजू फोडायचा छोटा कारखाना आहे. तिथे चहाला थांबलो. भाजलेल्या काजूचा वास गोड असतो, पण त्याच्या टरफलातलं तेल अंगाला लागलं तर भाजतं. फोडणाऱ्या बाया बोटांना तेल आणि राख लावून बसतात. मला ते माहीत नव्हतं. मी हौसेने एक बी उचलून हाताने सोलायला गेले. "बाई, टाका ते, टाका!" सगळ्या एकदम ओरडल्या. बोटाचं टोक काळं पडलं आणि पुढे आठवडाभर सोललं. त्यांनी माझ्या बोटाला खोबरेल चोळलं आणि वर हसून घेतलं. दुपारी त्याच घरी घनसाळ तांदळाचा भात झाला. भाताला एवढा वास असतो हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे भात म्हणजे पोळीनंतर पानात पडायची गोष्ट.

जेवताना शामराव गप्प होते. घाटाकडे निघालो तेव्हाही गप्पच. गाव जवळ आलं तेव्हा एकदम म्हणाले, "तुम्ही रागावू नगा, एवढंच."

"कशाला रागावेन?"

"बगा आधी."

देवघोळ

गावाचं नाव मी बदललं आहे. देवघोळ म्हणू. दोन टेकड्यांच्या मध्ये वाटीसारखी जागा, वाटीच्या तळाला भाताची खाचरं आणि कडेला, झाडीत, मठ.

पहिल्या नजरेला तो मठ वाटतच नाही, दगडी पेटीसारखा दिसतो. बाहेरची भिंत जांभ्याची, गडद तांबडी, खिडकी नसलेली. पूर्वेला एकच दार. आत गेलं की मोठा चौक, चौकात पायऱ्यांचं कुंड, आणि कुंडात या दिवसांतही पाणी. तिन्ही बाजूंनी संन्याशांच्या खोल्या. प्रत्येक खोलीत दगडाचाच ओटा, दिव्यासाठी कोनाडा, आणि उशाशी चौकाच्या बाजूला एक लहान झरोका, ज्यातून पहाटे पहिला उजेड तोंडावर पडावा. चौथ्या बाजूला काळ्या पाषाणाचे खांब असलेला मंडप, त्यात शिवाची पिंड, आणि मंडपाच्या मागे भोजनशाळा. छपराचे दगड अजून जागेवर आहेत. कुठे वड नाही, पिंपळ नाही, कोसळलेला कोपरा नाही. मी इतके मठ पाहिले, इतका धडधाकट एकही पाहिला नाही.

तो असा का राहिला हे चौकात फिरताना कळत गेलं. ही जागा कोकणात उतरणाऱ्या वाटेवर होती. शिलाहारांच्या काळात शैव संन्याशांनी इथे मुक्काम बांधला, कुणी राजाने किंवा व्यापाऱ्याने त्याच्या अन्नासाठी भातशेती लावून दिली असणार. पुढे ते संन्यासी गेले, राज्यं गेली, वाट बदलली. पण मठ कधी रिकामा राहिला नाही. कधी दुसऱ्या पंथाचे जोगी राहिले. प्लेगच्या वेळी लोक गाव सोडून इथे राहिले, अतिवृष्टीत घरं पडली की इथेच आले. शामरावांची शाळाही याच खोल्यांत भरायची. चौथीचा वर्ग कुंडाजवळच्या खोलीत होता, आणि त्या ओट्यावर बसून त्यांनी पाढे म्हटले होते. ज्या घरात माणसं राहतात ते घर पडत नाही, इतकं साधं कारण. गळलं की कुणीतरी चढायचं, दगड सरकला की कुणीतरी सारखा करायचं.

मग मी मंडपाकडे गेले आणि थांबले.

खांब पांढरट होते. काळा पाषाण असा दिसत नाही. हात लावला तर खरखरीत, घासणीच्या दगडासारखा. खांबांवर मूर्ती होत्या. गळ्यातले दागिने होते, केसांची गाठ होती, हातातला दंड होता. चेहरे नव्हते. कुणी फोडलेही नव्हते; साबणाची वडी वापरून वापरून होते तसे ते झाले होते. भोजनशाळेच्या दारावर लांब दगडी पट्टी होती. ती कोरी होती. कडेला जरा तिरप्या उजेडात पाहिलं तर काहीतरी होतं असं वाटायचं, आणि सरळ पाहिलं की तेही जायचं.

शामराव माझ्या मागे उभे होते.

"अक्षरं कुठेत?" मी विचारलं. विचारताना मला उत्तर कळलेलं होतं. शिरोलीतली ताडपत्री डोळ्यांसमोर आली.

"मंडपाला कुणीतरी ऑइलपेंट दिलेला," ते म्हणाले. "हिरवा, पिवळा. त्याच्यावर तेल, धूर, कबुतरं. मला लाज वाटायची, विहीणबाई. तुमच्या पोरीच्या लग्नानंतरची गोष्ट. म्हटलं, विहीणबाई येणार, चांगल्या शिकलेल्या बाई, त्यास्नी हे असलं दाखवायचं? आपल्याकडं मशीन हाय. कास्टिंगवरची वाळू झाडतोय, दगडावरचा रंग झाडू की. आणलं मशीन. पहिला खांब साफ झाला तवा माणसं रडली, आनंदानं. फटाके वाजवले. मग ह्या दारापाशी आलो. अक्षरांत काळं बसलंतं. ऑपरेटर म्हणाला, साहेब, अजून एक हात मारू? मी म्हटलं, मार."

ते त्या कोऱ्या पट्टीकडे बघत होते.

"एवढंच बोललो मी. मार."

"मग कधी लक्षात आलं?"

"दुसऱ्या दिवशी. ऊन पडल्यावर. मी समोर उभा राहिलो आणि बोटानं चाचपायला लागलो. मठाच्या समितीचा अध्यक्ष म्हणाला, काय छान गुळगुळीत झालंय."

आता मला सगळं नीट कळलं. पाऊस, जळवा, उकरलेला रस्ता, सुतक. मी म्हटलं, "तुम्ही मला इकडे आणत नव्हता, तेव्हा मला वाटलं होतं—"

त्यांना पुढचं कळलं. चेहरा एकदम पडला. मग ते म्हणाले, "तुम्हाला तसं वाटलं असंल तर चूक तुमची न्हाय. आमच्या गावानं तसं वागून दावलंय की आधी. पर तसं नव्हतं. कोरी पट्टी दाखवायला कसं आणू?"

आम्ही दोघं मंडपाच्या पायरीवर बसलो. इतकी वर्षं मी एका गोष्टीचा राग धरून होते आणि ते दुसऱ्याच गोष्टीची लाज धरून होते. सणाला फोन व्हायचे, नातवाच्या वाढदिवसाला भेटायचो, आणि या दोन गोष्टी मध्ये बसलेल्या असायच्या. एकानेही तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं. पण ते तेव्हा सुचत नाही.

मी विचारलं, "काय लिहिलं होतं ते कुणी वाचलं होतं?"

त्यांच्या लहानपणी धारवाडकडचे एक गृहस्थ आले होते. त्यांनी पट्टीवर पाणी मारलं, बोट फिरवत थोडं वाचलं, आणि म्हणाले की जुनी कानडी आहे आणि जेवणाबद्दल आहे. इथे कुणाला जेवू घालायचं ते लिहिलं आहे. संध्याकाळ झाली म्हणून ते निघाले. पुन्हा येतो म्हणाले आणि आले नाहीत.

कुणाला जेवू घालायचं. मी त्या पट्टीखाली उभी राहिले. या दारातून आत कुणाची पंगत बसायची? फक्त संन्याशांची? वाटसरूंची? सगळ्यांची? आणि आमच्यासारख्यांचं काय लिहिलं होतं? आत, की बाहेर, की काहीच नाही? शाळेत मी मुलांना सांगायचे की दगडाला खोटं बोलायचं काही कारण नसतं. हा दगड सांगत होता आणि मी उशिरा पोचले. त्यात आमच्याविरुद्ध काही लिहिलेलं असतं तरी मला ते वाचायचं होतं.

भोजनशाळा

भोजनशाळेच्या आत मशीन गेलं नव्हतं. लांबलचक दालन, टोकाला तीन चुली, वर धूर जायला दगडात पाडलेली वाट. भिंती आणि छत काळेकुट्ट. शेकडो वर्षांचा धूर, एकावर एक. चुलीशी एक म्हातारी बाई नैवेद्याचा भात शिजवत होती. या गौराक्का. मठात दिवा लावणं आणि नैवेद्य करणं त्यांच्या सासरच्या घराकडे चालत आलेलं. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळे बोलण्यात अव्वा (आई), तम्मा (भाऊ) असे कानडी शब्द.

मी उंबऱ्याशी थांबले. कशी कोण जाणे, तोंडून निघालं, "आत येऊ का?"

"ये की अव्वा. दार काय माझं हाय?"

मी आत गेले. त्यांनी मला चुलीजवळचा पाट सरकवला आणि स्टीलच्या पेल्यात चहा दिला. शामराव दारातच उभे राहून आमच्याकडे बघत होते.

मला बोलावण्यामागची गरज आता त्यांनी सांगितली. महाशिवरात्र जवळ आली होती. गावाने ठरवलं होतं की या वर्षी भोजनशाळाही साफ करायची, मंडपासारखी. शामरावांनी मशीन द्यायला नकार दिला, तर लोक चिडले. म्हणून उन्हं कलल्यावर चौकात बैठक बोलावली होती. "माझं कोण ऐकणार?" ते म्हणाले. "सुरुवात मीच केलीया. तुम्ही शिकलेल्या. तुम्ही सांगा."

गौराक्का चूल फुंकत ऐकत होत्या.

बैठक झाली. कुंडाच्या कडेला सतरंज्या टाकल्या होत्या. मठाच्या समितीचे अध्यक्ष विश्वासराव म्हणजे शामरावांचे वर्गमित्र. आधी मला शाल आणि नारळ दिला, मग विषय काढला. शामराव उठले. त्यांना सभेत बोलायची सवय नाही. म्हणाले, "मंडपाची चूक माझी झाली. तशी आत करायची न्हाय. एवढंच."

"चूक?" विश्वासराव म्हणाले. "तवा पेढे वाटलासा की तुम्ही. फोटो काढलासा. आता इतक्या वर्षांनी सांगतासा चूक?"

"त्या दारावर अक्षरं हुती."

"हुती की. पर वाचत कोण हुतं? तुम्ही वाचलासा कधी?"

शामराव बसले.

मग मी बोलले. धुराचा थर म्हणजे काय, दगडाचं वरचं कातडं एकदा गेलं की पाणी आत कसं शिरतं, हा मठ इतका टिकला तो तुमच्या पूर्वजांनी वापरला म्हणून. मला बरं बोलता येतं. लोक मान डोलावत होते. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात मागून गौराक्का म्हणाल्या, "मी बोलू का?"

सगळे वळले.

"बाई चांगलं बोलल्या. पर त्या धुरात माझ्या सासूचं डोळं गेलं, माझं बी अर्धं गेल्यात. वरनं काजळी भातात पडती. पोरी आत यायला भेत्यात, भुताची खोली म्हणत्यात. तुमास्नी काळी भिंत बघायला आवडती, अव्वा. मला त्यात रोज बसायचं असतंय. मला उजेड पायजे."

मी त्या भिंतीकडे इतिहास म्हणून पाहत होते, आणि ती बाई तिथे स्वयंपाक करत होती.

बरीच बोलाचाली झाली. शेवटी मी सुचवलं की मशीन नको; पाणी, मऊ ब्रश आणि हात, एवढ्यानेच हळूहळू काजळी काढा, आणि छताला एक दिवा लावून घ्या. विश्वासराव म्हणाले, "चालंल." गौराक्का म्हणाल्या, "दिवा आधी लावा." लोक हसले. बैठक मोडली. शामरावांनी परतीच्या वाटेवर मोठा श्वास सोडला आणि आजऱ्यात थांबून माझ्यासाठी घनसाळ तांदूळ घेतला. गाडीत ते पहिल्यांदाच मोकळे बोलत होते: शाळेबद्दल, कुंडात पोहल्याबद्दल, एकदा मंडपात चोरून आंबे खाल्ल्याबद्दल. मी आयुष्यात एक मठ वाचवला, असं मला त्या संध्याकाळी वाटलं होतं.

परत वर्ध्याला

शिवरात्रीच्या दोन-तीन दिवस आधी फोन आला. शामराव देवघोळहून बोलत होते.

ब्रशने काम सुरू झालं होतं. बाया रोज थोडं थोडं घासत होत्या. पण काम पुढे सरकेना, आणि सण जवळ आला. गावातल्याच कुणीतरी दुसरीकडून भाड्याने मशीन आणलं. शामरावांना कळलं तसे ते शिरोलीहून निघाले. पोचले तेव्हा पश्चिमेची भिंत चालू होती.

ते एकेक गोष्ट सावकाश सांगत होते. काजळीच्या खाली चुन्याचा जुना थर होता. मशीनने काजळी उडाली, चुना उडाला, आणि त्याच्या खाली अक्षरं निघाली. दारावर होती तशीच, भिंतीत, हातभर लांब ओळ. धुराने आणि चुन्याने ती झाकून ठेवली होती, म्हणून तिथे ओळ आहे हे धारवाडच्या गृहस्थांनाही कळलं नव्हतं. ऑपरेटरच्या डोक्यावर टोप, समोर धुरळा, कॉम्प्रेसरचा आवाज. त्याला भिंतीवर फक्त काळे ओरखडे दिसले असतील. तो दुसरा हात मारायला लागला. शामराव ओरडत होते, त्याला ऐकू जात नव्हतं. शेवटी ते मागे पळाले आणि कॉम्प्रेसर बंद केला. हवा थांबेपर्यंत ओळ गेली.

शेवटची दोन अक्षरं राहिली.

त्यांनी फोटो पाठवला. खरखरीत पांढऱ्या दगडाच्या काठावर दोन अक्षरं, इतकी स्वच्छ की कडांवरचे टाकीचे घाव मोजता यावेत. मी ओळखीतून जुनी कानडी वाचणाऱ्या एकांकडे तो पाठवला. त्यांनी बराच वेळ घेतला. मग कळवलं की पहिलं अक्षर बऱ्याच शब्दांत येऊ शकतं आणि दुसरं नुसता प्रत्यय आहे, त्यामुळे त्यांना अंदाज करायला लावू नये.

मी शामरावांना फोन केला. शिवरात्र होऊन गेली होती. भोजनशाळेत आता चांगला उजेड असतो, असं ते म्हणाले. उरलेल्या तीन भिंती तशाच ठेवल्या आहेत. त्यांच्याखाली काय आहे या विचाराने आता कुणी ब्रशही लावायला धजत नाही. गौराक्का खूश आहेत. विश्वासराव त्या दोन अक्षरांना काच बसवणार आहेत.

"काय लिवलंय म्हणून सगळी विचारत्यात," ते म्हणाले. "काय सांगू?"

"वाचता येत नाही असं सांगा."

"दोन अक्षरं हायत की पर."

"दोनांवरून शब्द लागत नाही, शामराव."

"मी बगितली ती," ते म्हणाले. "पुरी ओळ. मशीन बंद करायला पळालो त्याच्या आधी. माझ्या तोंडासमोर हुती, पहिल्यापासनं शेवटपर्यंत." मग म्हणाले, "मला वाचता येत नव्हती, विहीणबाई."